आठशे वीस, सहा, सतरा

…तर कॉम्प्युटरचा पत्रा उघडला आणि आत निघाली काय, तर पाल! मेलेली नव्हे, चांगली जिवंत. वीजपुरवठ्याच्या डब्याला पोट लावून ऊब घेत बसलेली. ज्या वकिलांचं ते मशीन, ते दोन खुर्च्या ओलांडून थेट रस्त्यावर. आठवडाभर त्यांची तक्रार होती की कॉम्प्युटर अधूनमधून चुकचुकतो. दादांनी कान लावून निदान केलं होतं, पंख्याचं बेअरिंग गेलंय. त्यांचा धाकटा भाऊ म्हणत होता, "दादा, बेअरिंग असं थांबून, विचार करून बोलत नाही." शेवटी धाकट्याचंच खरं झालं, आणि त्यानं दुकानाच्या वहीत नोंद केली: 'तक्रार: मशीन चुकचुकते. निदान: पाल. उपाय: पाल पळाली. वकीलही पळाले. वकील परत आले.'

ही वही कागदाची नव्हती बरं का. ती होती दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पोटात, आणि सगळी गोष्ट त्या कॉम्प्युटरचीच आहे. म्हणजे तशी ती दादांची आहे, पण दादांचं सांगायला बसलं की मशीन मध्ये येतंच. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, पंचेचाळीस वर्षं हेच अनुभवलंय.

दादांना अख्खा गाव दादा म्हणायचा आणि वहिनींना वहिनी. दादा शिकले सातवीपर्यंत. बापाचं सायकलचं दुकान होतं. पण या पोराला चाकापेक्षा तारेचा नाद. बारा वर्षांच्या वयात घरातला रेडिओ उघडला, मार खाल्ला, आणि मार खाता खाताच सांगितलं, "अहो बाबा, पण आता आवाज स्वच्छ येतोय." आला होता म्हणे. मग रेडिओ झाले, टेपरेकॉर्डर झाले, काळेपांढरे टीव्ही झाले. आणि एक दिवस तीन खोकी आली.

त्या खोक्यांत कॉम्प्युटरचे सुटे भाग होते. शब्दकोश एका मांडीवर, माहितीपुस्तक दुसऱ्या मांडीवर, असे दोघे भाऊ अकरा दिवस जमिनीवर बसले. वहिनी तेव्हा नव्या नवरीच्या मानानं जुन्या आणि जुन्या बायकोच्या मानानं नव्या होत्या. जेवणाची ताटं त्या दोन पावलं लांब ठेवत, कारण जवळ ठेवलं की धाकटा ओरडायचा, "वहिनी, वाफ! वाफ!" बाराव्या दिवशी बटण दाबलं. एकच शिट्टी झाली, आणि काळ्या पडद्यावर हिरवे आकडे भराभर चढायला लागले. मशीन आपली स्मरणशक्ती मोजत होतं. दादा हातात पाना घेऊन तसेच उभे. वहिनींना वाटलं, रडतायत की काय. विचारलं तर म्हणाले, "डोळ्यात डाग उडाला." डाग म्हणजे जोडकामाचं कथील. त्या दिवशी कथील तापवलंच नव्हतं, हे वहिनींना माहीत होतं. पण बायका सगळंच बोलून दाखवत नाहीत.

मग काय विचारता! कुणी नुसता वेळ विचारायला दुकानात आला तरी दादा त्याला मशीनची वंशावळ ऐकवायचे. "हे टू-एटी-सिक्स. बारा मेगाहर्ट्झ. एक एमबी मेमरी, पुरी एक! सव्वापाच इंची फ्लॉपी. चौदा इंची पडदा, हिरवा, डोळ्याला थंड." दर्शनी भागावर दोन आकडी दिवा होता. शेजारचं बटण दाबलं की सहाचे बारा व्हायचे, म्हणजे मशीन चालायचं सोडून पळायला लागायचं. बाजूला एक गोल किल्लीचं कुलूप होतं. ते लावलं की कीबोर्ड मुका. ती किल्ली दादांच्या कमरेला. तिजोरीच्या किल्ल्या तेव्हा वहिनींकडे होत्या, आणि तिजोरीत बघायचं काही नव्हतं. दुकानात टेबलपंखा एकच, आणि तो मशीनकडे तोंड करून. गिऱ्हाइकं घाम पुसत बसायची. कुणी कुरकुरलंच तर धाकटा म्हणायचा, "काका, तुम्ही तापलात तर औषध मिळतं. हे तापलं तर आमचा दादा तापतो, त्याला औषध नाही."

हार्ड डिस्क आधी वीस एमबीची होती. ती वर्षभरात भरली, तेव्हा धाकट्यानं कुठून तरी चाळीसची आणून बसवली. चांगली जाडजूड, विटेएवढी. आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या काळच्या मशीनला आपल्या पोटातली डिस्क कशी आहे हे आपलं आपण कळत नसे. ते आपण सांगावं लागे: डिस्कवर कडी किती, वाचणारी डोकी किती, एका कड्याचे भाग किती. हे तीन आकडे एकदा हातानं भरले की मशीन ते लक्षात ठेवायचं, आणि ती आठवण जिवंत ठेवायला आत बोटाच्या पेराएवढी एक निळी बॅटरी. मशीन चालू असलं की बॅटरी आपलं पोट भरून घेणार, बंद असलं की आठवण सांभाळणार. बॅटरी मेली की मशीन सगळं विसरलं. डिस्क शाबूत, तिच्यावरचं अक्षर न् अक्षर शाबूत, पण घरच्या माणसाला दारातच "आपण कोण?" म्हणायचं.

धाकट्यानं त्या आकड्यांचं गाणंच केलं होतं. पाढे म्हणतात त्या चालीवर दिवसभर दुकानात गुणगुणायचा. वहिनींना त्यातलं शेवटचं तेवढं आठवत होतं: '…मगच पत्रा'. आकडे काही त्यांच्या डोक्यात राहिले नाहीत. राहायचं कारणही नव्हतं.

दुसरी एक पद्धत होती. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई असते ना, तशी त्या डिस्कवर वाचणारी डोकी तरंगायची. मशीन हलवायचं तर आधी 'पार्क' असा हुकूम टाईप करून ती डोकी कडेला, रिकाम्या जागेत नेऊन निजवायची. नाही निजवली आणि गाडीला हिसका बसला, की डोकं तबकडीवर आपटून ओरखडा. दादा मशीन हलवायचं नसलं तरी रोज पार्क करायचे. म्हणायचे, "झोपणाऱ्याला अंथरुणात नेऊन झोपवावं. बसल्या जागी डुलकी लागली की माणूस पडतो."

आणि भांडण झालं ते नेमकं यावरून.

दुकान दोन गल्ल्या पलीकडे हलवायचं होतं. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये एक ग्रंथपालबाईंचं होतं, वाचनालयातल्या चार हजार पुस्तकांची यादी त्यात. बाईंनी आठ महिने एका बोटानं टाईप केलेली. ढकलगाडीवर सामान गेलं, नव्या जागी बाईंचं मशीन लावलं, आणि आतून आवाज आला, करर्रर्र. यादी गेली. बाई तिथंच खुर्चीत बसल्या, त्यांना पाणी दिलं. दादांनी धाकट्याकडे वळून विचारलं, "पार्क केलं होतंस?"

"केलं होतं."

"मग हे काय?"

"केलं होतं, दादा."

तेव्हा दादा बोलले. दुकानात चार माणसं होती, ग्रंथपालबाई होत्या, वहिनी चहाची किटली घेऊन दारात होत्या. "याच्या काही लक्षात राहत नाही," दादा म्हणाले. "कधीच राहिलं नाही. याच्या हातात मशीन देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

धाकट्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं असं वहिनी नंतर म्हणायच्या; आपटणारा माणूस संध्याकाळी जेवायला येतो. चारच दिवसांत त्यानं दूरच्या एका शहरात नोकरी धरली.

त्याला बावीस वर्षं झाली.

तशी नाती काही तुटली नाहीत. धाकट्याचा फोन महिन्यातून दोनदा यायचा, वहिनींना. दादा तेव्हा शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलगडून बसलेले. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नसे. फोन संपला की विचारणार, "कुणाचा होता?"

"बहिणीचा," वहिनी मुद्दाम म्हणायच्या.

"मग तिचं गुडघ्याचं कसंय आता?" गुडघा धाकट्याचा दुखत होता.

लग्नकार्यात दोघे समोरासमोर आले, तर एकमेकांच्या ताटात काय कमी आहे ते वाढणाऱ्याला सांगत, एकमेकांना नाही. दादांनी एक शब्द आधी टाकायला हवा होता, तो टाकला नाही. धाकटा त्या शब्दाची वाट बघत होता, त्यानं ती सोडली नाही. दोघेही एकाच बापाचे; जळलं तरी पीळ सुटायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी दादांनी दुकान बंद केलं. सगळं वाटून टाकलं, टू-एटी-सिक्स तेवढं घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली त्याचं टेबल. दर रविवारी सकाळी आंघोळ करून दादा बसणार. गोल किल्ली फिरवणार, बटण दाबणार, हिरवे आकडे चढताना बघणार, आणि दुकानाची वही उघडून वाचणार. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, कारण त्या मशीनला आपली अक्षरं येत नव्हती. सोळा वर्षांच्या तक्रारी आणि निदानं, अर्धी दादांची, अर्धी धाकट्याची. दादांची म्हणजे 'पंखा बदलला. तार जोडली.' आणि धाकट्याची म्हणजे ती पाल. कुणाच्या कीबोर्डात सांडलेल्या साखरेला लागलेल्या मुंग्या. फ्लॉपी हरवू नये म्हणून लोहचुंबकानं कपाटाला चिकटवून ठेवणारे मुख्याध्यापक, आणि वर "सुरक्षित ठेवली होती हो" म्हणणारे. स्वयंपाकघरात वहिनींना आतून हसू ऐकू यायचं. मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग चार अक्षरांची खडखड, पार्क, आणि बटण.

परवाच्या उन्हाळ्यात एका रविवारी हसू आलंच नाही. वहिनी बाहेर येऊन बघतात तर दादा पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. पडद्यावर एकच ओळ.

"काय म्हणतंय?"

"डिस्कच नाही म्हणतंय."

"गेली?"

"डिस्क आहे गं. याच्या लक्षात नाही." दादा उठले. "बॅटरी मेली."

त्यांनी पत्रा काढला, आत वाकून पाहिलं, आणि पत्रा भिंतीला टेकून उभा केला. आतली बाजू भिंतीकडे. निळी बॅटरी फुटून हिरवी झाली होती, पाझरून बोर्डावर शेवाळ धरल्यासारखं. दादांनी ती सोडवली, आणि दुपारी वहिनी विचारत फिरत होत्या, "अहो, इथलं लिंबू कुठं गेलं?" लिंबू दादांनी जुन्या टूथब्रशनं बोर्डाला चोळलं होतं. मग तीन साधे सेल एका डबीत घालून त्याच्या तारा आत जोडल्या. मशीन छान उठलं, शिट्टी वाजली, मेमरी मोजून झाली, आणि तीन रिकामे चौकोन पुढे करून थांबलं. आकडे सांगा.

दादा बघत राहिले. मग मशीन बंद केलं.

"काय होते हो आकडे?" वहिनींनी विचारलं.

"सत्तरी आली. डोक्यात राहतंय कुठं?"

वहिनींना नवल वाटलं. या माणसाला तीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर पाठ होते. पण वय आहे, म्हटलं, होतं असं.

पुढच्या आठवड्यात जावई आले. सॉफ्टवेअरमधले, मनानं फार चांगले. म्हणाले, "बाबा, एवढ्याला काय! डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावू. अख्खी चाळीस एमबी म्हणजे माझ्या फोनमधले आठ-दहा फोटो."

"लावा की," दादा म्हणाले.

जावयांनी डिस्क पाहिली. तिला मागून दोन चपट्या पट्ट्या, एक रुंद, एक अरुंद, अशा की त्यांचं तोंड बसेल असं भोक आताच्या जगात कुठल्याच यंत्राला नाही. जावई अर्धा तास वाकून बसले, कपडे धुळीनं माखले. शेवटी म्हणाले, "याच मशीनमधून काढावं लागेल. आकडे कुणाला तरी आठवत असतील ना?"

दादा खिडकीबाहेर बघत होते. ते कुणाला आठवत असतील हे त्या खोलीत फक्त जावयांनाच कळलं नव्हतं.

दुसरा रविवार गेला, तिसरा आला. दादा आंघोळ करून बसले, किल्ली फिरवली, रिकामे चौकोन बघितले. वहिनींनी दारातून म्हटलं, "मी विचारू का भावजींना?"

"नको."

"मग काय असं रिकाम्या पाटाकडे बघत बसणार?"

"नको म्हटलं ना."

वहिनी तणतणत आत गेल्या. पण त्यांना राग नव्हता आला, भीती वाटली होती. वही उघडत नव्हती म्हणजे घरातून धाकट्याचा शेवटचा आवाज गेला होता. दादा जेवताना मीठ मागेनात. वर्तमानपत्र पहिल्या पानावरच राहायला लागलं.

चौथ्या रविवारी वहिनी कपडे वाळत घालून आत आल्या, तर दादांच्या हातात त्यांचा, म्हणजे वहिनींचा फोन. धाकट्याचा नंबर त्याच फोनमध्ये होता. कानाला कमी येतं म्हणून आवाज मोठा केलेला, त्यामुळे तिकडची घंटा अख्ख्या खोलीला ऐकू येत होती. वहिनी ओल्या हातानं दारातच थबकल्या.

"हं वहिनी, बोला," धाकट्याचा आवाज आला. "दादाचं बीपी वाढलं का पुन्हा?"

"मी बोलतोय."

गल्लीत कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"दादा?"

"टू-एटी-सिक्सची बॅटरी गेली."

"कधी?"

"झाले तीन आठवडे."

"हिरवं आलं होतं?"

"आलं होतं. लिंबानं पुसलं."

"वहिनींचं लिंबू?"

"मग काय माझं?"

तिकडून एक हसू निघालं आणि मध्येच अडकलं. दादा म्हणाले, "सेटअप पुसला गेलाय रे. डिस्कचे आकडे मागतंय."

आणि धाकट्यानं श्वास घेण्याइतकाही वेळ घेतला नाही.

"आठशे वीस, सहा, सतरा," तो त्याच जुन्या चालीवर म्हणाला. "आधी आकडे, मगच पत्रा!"

वहिनींनी दाराची चौकट धरली. दादांनी डोळे मिटले होते.

"घेतलेस लिहून?" धाकट्यानं विचारलं.

"घेतले," दादा म्हणाले. त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसरा नुसताच गुडघ्यावर. कागदही नाही, पेन्सिलही नाही.

"पार्क करतोस ना रोज?"

"करतो."

"मी पण केलं होतं, दादा."

"माहीत आहे," दादा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "बाईंची ती डिस्क आदल्या आठवड्यापासून वाळूसारखी करकरत होती. मी ऐकलं होतं. तेव्हाही माहीत होतं."

मग धाकटा म्हणाला, "चालू झालं की कळव. वहिनींकडून नको. तूच कळव."

फोन ठेवून दादांनी तीन चौकोन भरले. आकडे भरताना बोट कुठं अडलं नाही. मशीननं एकदा घरघर केली, पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण लुकलुकली, आणि वही उघडली. दादा थेट शेवटावर गेले. वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ही वही कधी वाचली नव्हती. इंग्रजी अक्षरं लावत लावत त्या वाचायला लागल्या. शेवटची नोंद धाकट्याची होती, तो गेला त्या दिवसाची; पुढे दादांनी वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. दादा दुपारी घरी जेवायला गेलेले असताना आपली हत्यारं न्यायला तो दुकानात येऊन गेला असणार.

'तक्रार: दादा फार तापतो. निदान: मशीन चांगले आहे, पंखा अडकलाय. उपाय: थंड होईपर्यंत हात लावू नये.'

"दर रविवारी हेच वाचत होतात तुम्ही?" वहिनींनी विचारलं. दादांनी मान हलवली. होय म्हणाले की नाही, ते कळलं नाही.

पत्रा बसवायचा राहिला होता. दादा चष्मा पुसत होते म्हणून वहिनींनीच तो भिंतीपासून उचलला आणि उलटा केला. आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात, पिवळी पडलेली चिकटपट्टी. तिच्यावर पेन्सिलीनं, दादांच्या टपोऱ्या सातवीच्या अक्षरात: ८२०, ६, १७.

वहिनींनी पत्रा तसाच त्यांच्यासमोर धरला. "हे काय? हे तर इथंच होतं. आणि तीन आठवडे मला म्हणताय, सत्तरी आली, डोक्यात राहत नाही! मग त्यांना फोन कशाला केलात?"

दादांनी चष्मा चढवला, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आकडे होते गं माझ्याकडे. पण 'याच्या काही लक्षात राहत नाही' असं मी चार माणसांत बोललो होतो ना, ते त्याच्याच तोंडानं खोटं पडायला नको का?"